नोंदवहीत नाव कोणाचे?

१

जानेवारी २०२० मधील गोष्ट आहे. आमच्या ग्रामपंचायतीत ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करण्याची एकच घाई उडाली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत ठरवून दिली होती आणि मागे राहणाऱ्या राज्यांवर त्यानंतर दरमहा १० लाख रुपयांचा भुर्दंड बसणार होता. कायदा २००२ चा, नियम २००४ चे. पण पंधरा वर्षे रेंगाळलेले काम आता पंधरा दिवसांत उरकावयाचे होते. कोठल्याशा संस्थेने दोन तरुण पाठविले. ते चावडीत बसले, सरपंच, दोन बागायतदार आणि गावचे वैद्य यांच्याकडून झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची नावे उतरवून घेतली आणि दिवस मावळण्यापूर्वी निघून गेले.

मी शाळामास्तर. शुद्धलेखन तपासण्यासाठी ती नोंदवही माझ्याकडे आली. शिंदीच्या झाडापुढे एवढीच ओळ होती : ‘उपयोग, केरसुणी. माहिती देणारा, ग्रामस्थ.’

शिंदीचे फडे बांधून आणि केकताडाच्या वाखाचे दोर वळून आमच्या मांगवाड्यातील कित्येक पिढ्या जगल्या. माझी थोरली चुलती, जिला आम्ही मोठी आई म्हणतो, हेच काम करीत म्हातारी झाली. शेंड्याजवळची किती पाने राखली म्हणजे शिंदी मरत नाही, हे तिला ठाऊक आहे. ओढ्यावर वाकलेल्या झाडाला सुगरणीची खोपी लटकली की पिल्ले उडून जाईपर्यंत त्या झाडाला विळा लावावयाचा नाही, हा तिचा नेम आहे. वाळूचा उपसा सुरू झाल्यापासून ओढ्याच्या कोणत्या वळणावरची शिंदी आधी वाळली आणि कोणत्या वळणावरची नंतर, हे ती बोट दाखवून सांगते. कोणताही प्रामाणिक अभ्यासक ही माहिती आदराने लिहून घेईल. पण चावडीपासून मांगवाडा हाकेच्या अंतरावर असूनही ते दोघे तेथे आले नाहीत.

मी कोरा कागद घेऊन मोठ्या आईकडे गेलो. तिचे नाव सरकारी वहीत लागणार, या कल्पनेने मीच हरखलो होतो. तिने सारे सांगितले आणि मग विचारले, ‘‘लेकरा, नाव लिवशील, पर ती वही कोन कोन वाचनार? उद्या फारेस्टचा मानूस म्हनला, ह्याच बाईनं शिंदी तोडली, मंग?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘‘आन माझ्या एकलीचं कशाला? हे समद्या बायांचं हाय. मांगवाड्यातल्या बायांनी सांगितलं, असं लिव.’’

मी तसे लिहून दिले. संगणकावर माहिती भरणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, इथं एका माणसाचं नाव टाकता येतं, नाहीतर ग्रामस्थ.’’ शेवटी ‘ग्रामस्थ’च राहिले.

या एका शब्दाविषयी मला लिहावयाचे आहे.

२

जैवविविधतेची नोंद म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कोणता जीव, कोठे, केव्हा आणि कोणाला दिसला, या चार प्रश्नांची उत्तरे म्हणजे एक नोंद. अशी एकच नोंद फारसे काही सांगत नाही. लाखो नोंदी एकत्र आल्या म्हणजे कोणती जात कोठून नाहीशी होत आहे, कोणती नव्याने पसरत आहे, हे दिसू लागते. २००१ साली स्थापन झालेली, कोपनहेगन येथून चालणारी जीबीआयएफ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा अशा नोंदी सर्वांसाठी खुल्या करते. तिच्याकडे आज तीन अब्जांहून अधिक नोंदी आहेत.

इतक्या नोंदी एकत्र नांदावयाच्या तर त्यांचे रकाने सारखे हवेत. आपल्याकडे ज्याला तरवड म्हणतात त्याला तमिळनाडूत आवारम म्हणतात. शास्त्रीय नाव एक असल्याखेरीज ही एकच वनस्पती आहे हे यंत्राला कळणार नाही. यासाठी ‘डार्विन कोअर’ नावाचे प्रमाणित रकाने २००९ साली अधिकृतपणे स्वीकारले गेले. जातीचे शास्त्रीय नाव, ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी नोंदले, कोणी ओळखले, असे ते रकाने आहेत.

हे सारे साम्राज्यवादी कारस्थान आहे, असे म्हणून मोकळे होणारे काही मित्र आहेत. मला ते मान्य नाही. खाणीच्या, धरणाच्या किंवा कारखान्याच्या जनसुनावणीत कार्यकर्ता उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात तारीखवार, ठिकाणवार नोंदी असतील तर त्याचे म्हणणे सहजी उडवून लावता येत नाही. प्रमाणित माहिती हे गरिबाचेही हत्यार होऊ शकते. शिवाय ज्यांना शतकानुशतके ज्ञान बंद करून ठेवले गेले, त्यांनी ज्ञान खुले करण्याला विरोध करणे शोभणारे नाही.

पण रकाने कोणी आखले, हा प्रश्न उरतोच. ‘कोणी नोंदले’ याला रकाना आहे, ‘कोणी ओळखले’ यालाही आहे. ‘कोणी सांगितले’ याला ठरलेली जागा नाही. सांगणाऱ्याला शेऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसावे लागते. आमच्या नोंदवहीची स्थिती याहून बरी म्हणावी लागेल. तिच्या नमुन्यात माहिती देणाऱ्या व्यक्तीचा वा समुदायाचा रकाना आहे. पण रकाना असणे आणि तो खरेपणाने भरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३

प्रमाणित नाव नेहमीच तटस्थ असते, असेही नाही. आपल्या आकाशात दोन घारी दिसतात. एक तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची आणि छातीची. ती ‘ब्राह्मणी घार’. दुसरी काळपट, उकिरड्यावर आणि मेलेल्या जनावरावर उतरणारी. भारतीय पक्ष्यांविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत कितीतरी दशके तिचे नाव ‘पारिया काइट’ असे छापले जात होते. पारिया म्हणजे तमिळ मुलखातील परैयर, तेथील अस्पृश्य. गोरी घार ब्राह्मण आणि मेलेले ओढणारी घार अस्पृश्य! गावाची रचना उचलून आकाशात नेऊन ठेवली आणि तिला निसर्गशास्त्र म्हटले गेले. आज पक्षी अभ्यासक दुसऱ्या घारीला ‘काळी घार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. पहिली मात्र ब्राह्मणीच राहिली आहे.

नावे बदलत नसतात, शास्त्रात भावनेला स्थान नाही, असे आपल्याला सांगण्यात येते. परंतु जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत दोनशेंहून अधिक वनस्पती, बुरशी आणि शैवाल यांच्या शास्त्रीय नावांतील ‘काफ्रा’ हे पद बदलून ‘आफ्रा’ करण्याचा निर्णय मतदानाने झाला. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरलेल्या शिवीतून ते पद आले होते. म्हणजे बदलावयाचे ठरविले की शास्त्रीय नावही बदलता येते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ज्या समाजाने किंमत मोजली, त्याला नावाचे मोल कोणी नव्याने शिकवावयास नको.

४

आता लिहिलेले ज्ञान आणि न लिहिलेले ज्ञान यांतील भेद पाहू.

१९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या सर्वांना याचा आनंद झाला. पण लढाई जिंकली कशाच्या बळावर? छापील पुराव्यांच्या. परदेशातील तोंडी ज्ञान तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात पुरावा म्हणून चालत नव्हते. ग्रंथात नव्हते ते ज्ञानच नव्हते.

या अनुभवातून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा एक अंकीय ग्रंथसंग्रह उभा राहिला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील लाखो योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून पेटंट कार्यालयांना पाहावयास दिले गेले. काम मोलाचे आहे. तथापि ज्यांना अक्षराचा अधिकारच नव्हता, त्यांचे ज्ञान ग्रंथात असणार कसे? जनावराच्या कातड्यावर बाभळीची आणि तरवडीची साल कसा परिणाम करते, हे ढोर-चांभारांनी हातांनी शोधले. बांबू कोणत्या दिवसांत तोडला तर त्याला कीड कमी लागते, हे बुरुडांनी जाणले. यांची संहिता कोणी लिहिली नाही.

२०२३ मध्ये जैविक विविधता कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. या दुरुस्तीने ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ लाभवाटणीच्या बंधनातून वगळले. संहिताबद्ध म्हणजे १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या प्रमाणग्रंथांतील. सारांश असा की, ज्ञान एकदा त्या ग्रंथांत गेले की ते कोणाचे देणे लागत नाही. आता त्या ग्रंथांतील वनस्पतींचे ज्ञान मुळात कोठून आले असेल? रानात जाऊन मुळी खणून आणणारे हात कोणाचे होते? ग्रंथ त्यांची नावे सांगत नाहीत.

नावे सांगणे अशक्य नव्हते, याचा मोठा पुरावा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. तो सिद्ध करवून घेणारा डच गव्हर्नर व्हान रेडे हा काही समतेचा पुरस्कर्ता नव्हता. तो व्यापारी कंपनीचा सत्ताधीश होता. तरी त्याने ग्रंथात माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रे त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली. त्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण आहेत. त्यांचे निवेदन नागरी लिपीत आहे. आणि त्यांच्याबरोबर इट्टी अच्युदन हा वैद्यही आहे. तो ईळव, म्हणजे ज्यांना केरळात अवर्ण मानून अंतरावर ठेवले जाई त्या समाजातील. पुढे ज्या समाजाला वायकोमच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून १९२४ मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील माणसाचे नाव १६७८ च्या ग्रंथात ज्ञाता म्हणून आहे. लिनियसने १७५३ साली वनस्पतींना नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. अच्युदनच्या वंशजांना त्याचा वाटा मिळाला नाही, हे खरे. पण नाव राहिले. म्हणून आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो. सतराव्या शतकात जे जमले, ते एकविसाव्या शतकातील संगणकाला का जमू नये?

५

येथे मी ‘ग्रामस्थ’ या शब्दाकडे परत येतो. १९९२ च्या जैवविविधता करारापासून सर्व कागदपत्रांत ‘स्थानिक समुदाय’ हा शब्द आहे. आपल्याकडे त्याचे भाषांतर व्यवहारात ‘गाव’ असे होते. समिती गावाची, नोंदवही गावाची, लाभही गावाचा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाला राज्यघटनेचा घटक मानण्यास विरोध केला होता आणि व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. गाव म्हणजे एकजीव कुटुंब नव्हे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. विहीर कोणाची, गायरान कोणाचे, स्मशान कोणाचे, या प्रश्नांवर जे गाव फुटते ते जैवविविधतेच्या कागदावरच एक कसे होते?

२००४ च्या नियमांनी गावसमितीत अध्यक्षाखेरीज सहापर्यंत सदस्य ठेवले. त्यांत एकतृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावेत, असे सांगितले. सहाचे १८ टक्के म्हणजे एक. तो एक सदस्य बैठकीत काय बोलू शकतो, हे ग्रामपंचायतीत बसलेल्या आपल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. देशात अशा अडीच लाखांहून अधिक समित्या आहेत.

समुदाय एकसंध असला तरी संमतीचा प्रश्न सुटत नाही, हे केरळातील काणी आदिवासींच्या उदाहरणावरून दिसते. १९८७ साली अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांच्या वाटाड्यांनी एका वनस्पतीची फळे खाऊन थकवा घालविला. आग्रहाने विचारल्यावर त्यांनी ती दाखविली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. त्याचा परवाना १० लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर दिला गेला आणि संशोधन संस्थेने त्यातील निम्मा हिस्सा काणींना देण्याचे ठरविले. १९९७ मध्ये काणींचा न्यास नोंदला गेला. जगभर या प्रयोगाची वाखाणणी झाली आणि ती अकारण नव्हती. पण काणींमधील काही वैद्यांचा, ज्यांना प्लाथी म्हणतात, आक्षेप होता की हे ज्ञान बाहेर सांगण्याचा अधिकार त्या वाटाड्यांना कोणी दिला? पैसे नंतर वाटता येतात. संमती नंतर घेता येत नाही.

आता प्रश्न आणखी दूर गेला आहे. जिवाच्या जनुकांची माहिती अंकांत उतरवून संगणकावर पाठविता येते. वनस्पती गावाबाहेर न नेताही तिच्यातून औषध घडविता येते. अशा माहितीवर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी हिस्सा द्यावा म्हणून २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या परिषदेत एक निधी ठरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रोम येथे सुरू झाला. नफ्याच्या एक टक्का किंवा उत्पन्नाच्या दशांश टक्का अशी रक्कम सुचविली आहे; पण ती देणे कंपनीच्या इच्छेवर आहे. किमान निम्मी रक्कम आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी असावी, असेही म्हटले आहे. उद्या त्यातील एक रुपया आमच्या गावी आला, तर तो कोणत्या नोंदीच्या आधारे वाटला जाईल? ‘माहिती देणारा, ग्रामस्थ’ या नोंदीच्या आधारे तो मांगवाड्यापर्यंत येणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

६

मग सर्वत्र नावे लिहावीत काय? मोठ्या आईचा पहिला प्रश्न येथे आडवा येतो. नाव हा सन्मान आहे, तसाच तो पत्ताही आहे.

फासेपारधी समाजाला तित्तराचे, लाव्याचे, सशाचे जे ज्ञान आहे ते विद्यापीठात सापडणार नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या ज्ञानापुढे पारध्याचे नाव लिहिणे म्हणजे त्याच्या हातात बेडी देण्यासारखे होऊ शकते. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ पर्यंत तो शिक्का पुसला नाही, त्यांना नोंदवहीची भीती वाटली तर दोष त्यांचा नव्हे. सरकारी वहीत नाव लागणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

ठिकाणाचेही तसेच आहे. कंदीलपुष्पाच्या काही जाती जगात केवळ सह्याद्रीत आहेत; त्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर झाले की कंद उपटणारे तेथे पोचू शकतात. खवल्या मांजराच्या बिळाचा पत्ता उघड करणे म्हणजे शिकाऱ्याला निमंत्रण देणे. ‘डार्विन कोअर’मध्ये यासाठी सोय आहे. माहिती राखून ठेवली आहे किंवा ठिकाण मुद्दाम ढोबळ दिले आहे, असे नोंदविण्याचे रकाने त्यात आहेत. म्हणजे फुलासाठी आणि प्राण्यासाठी जी काळजी शास्त्राने घेतली, तीच सांगणाऱ्या माणसासाठी मागणे अवास्तव नाही.

जगातील मूळनिवासी समाजांनी हीच मागणी मांडली. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी माहितीसाठी तत्त्वे ठरविली : ती सापडावी, मिळावी, इतर माहितीशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. या चारही गोष्टी माहितीविषयी आहेत. माणसाविषयी एकही नाही. म्हणून २०१९ मध्ये मूळनिवासी अभ्यासकांनी आपली चार तत्त्वे पुढे ठेवली : समूहाचे हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती. मोठ्या आईने हे काही वाचलेले नाही. तरी वही कोण वाचणार हे विचारून तिने नियंत्रणाचा प्रश्न मांडला, आणि सर्व बायांचे नाव घाल असे सांगून समूहाचा.

तेव्हा वाद माहिती खुली ठेवावी की बंद, एवढाच नाही. काय खुले करावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे, हे कोण ठरविणार, हा खरा वाद आहे. आजवर ते सांगणाऱ्याखेरीज इतर सर्वांनी ठरविले.

७

आपल्याला काय करता येईल? पहिली गोष्ट, आपल्या गावची नोंदवही मागून वाचा. ती झाली आहे हेच पुष्कळांना माहीत नाही. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात कोण आहे आणि कोण नाही, हे मोजा.

दुसरी, वस्तीनिहाय बैठक घ्या. चावडीत जो बोलत नाही तो आपल्या ओट्यावर बोलतो, आणि स्त्रिया स्त्रियांच्या बैठकीत बोलतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे गावकऱ्यांनी अभ्यासगट करून आपल्या जंगलाचा अभ्यास स्वतः केला. हे आपल्या वस्तीतही करता येईल.

तिसरी, प्रत्येक सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : नाव घालू का? एकट्याचे की वस्तीचे? आणि यातील काय बाहेर जाऊ नये? उत्तर ‘नको’ असेल तर तेही नोंदवा आणि कागद परत द्या.

चौथी गोष्ट शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी. प्रबंधात, प्रकल्पात ‘स्थानिक लोकांच्या मते’ असे लिहू नका. कोणते लोक, कोणत्या वस्तीतील, त्यांची संमती होती काय, हे लिहा. आणि लिहून झाल्यावर ते त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.

आमच्या ग्रामसभेत पुढे आम्ही हा विषय घेतला. थोडी कुरकुर झाली. पण मांगवाड्याचे पुरवणी पान नोंदवहीला जोडावे, असा ठराव झाला. ते पान अजून जोडले गेलेले नाही. दर ग्रामसभेत मी त्याची आठवण करून देतो. शिंदीपुढे त्या पानावर असे लिहिले आहे : ‘माहिती देणाऱ्या, मांगवाड्यातील बाया. तोडीच्या जागा त्यांच्या सांगण्यावरून राखून ठेवल्या आहेत.’ मोठ्या आईला ते दोनदा वाचून दाखविले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने खाली आपला अंगठा उठवला.